हरवलेला आकडा आणि देवळालीचे मास्तर

आजच्या भागासाठी कागद-पेन घ्या, नाहीतर मोबाइलचा कॅल्क्युलेटर उघडा.

माझे बाबा वाशीच्या एपीएमसीत, कांदा-बटाटा मार्केटमधल्या एका गाळ्यावर मेहताजी होते. एकदा हिशेब जुळवताना पावतीबुकातला एक नंबर सापडेना. आधीचा आहे, नंतरचा आहे, मधला गायब. "पावती फाडली, मग पैसे कुठंयत?" शेठ म्हणाले. बाबा दोन दिवस नीट जेवले नाहीत. शेवटी बुकाची शिलाई उसवून पानं मोजली. एकही पान कमी नव्हतं! नंबर छापतानाच सुटला होता. म्हणजे पावती हरवली नव्हती, ती जन्मलीच नव्हती.

हाच फरक संख्यांमध्ये शोधणारा माणूस आपल्याकडे होऊन गेला. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५, डहाणूचा. शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात. मग १९३० ते १९६२ नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर. आपल्या मार्केटमध्ये कांद्याच्या गाड्या येतात ना, त्याच जिल्ह्यात.

आता ही मालिका बघा: २३, २८, ३८, ४९, ?, ७०.

वजाबाक्या केल्यात तर ५, १०, ११ येतात आणि पुढं काही सुचत नाही. कारण गंमत अंकांच्या बेरजेत आहे. २३ मध्ये २ आणि ३ मिळवा, झाले २८. २८ मध्ये २ आणि ८ मिळवा, ३८. तसंच ४९ अधिक १३, म्हणजे ६२. सापडला हरवलेला!

पण कापरेकरांनी उलटा प्रश्न विचारला. या रीतीनं कुठल्याच संख्येपासून मिळत नाही, अशी संख्या असते का? असते. २० घ्या. १४ पासून १९ मिळतात, १५ पासून थेट २१. वीसला जनकच नाही! इंग्रजीत यांना सेल्फ नंबर म्हणतात, आपण स्वयंभू म्हणू. २०, ३१, ४२, ५३… दर वेळी ११ वाढतात. ९७, मग १०८. पुढची ११९? चूक! १०९ मध्ये त्याचे अंक मिळवले की ११९ येतात. पुढची स्वयंभू संख्या आहे ११०. तेव्हा पॅटर्न दिसला म्हणून लगेच विश्वास टाकायचा नाही, तपासायचं.

अनेकांना हे काम म्हणजे नुसता आकड्यांचा खेळ वाटायचा. पुढं १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं आणि देवळालीचे मास्तर जगभर पोचले. तोवर ते निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली होती. १९८६ मध्ये ते गेले.

बाबांना मी वीसची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "तेव्हा माहीत असती, तर शेठना सांगितली असती."

जाता जाता: २००७ साली जन्मलेल्यांनो, तुमचं सालसुद्धा स्वयंभू आहे. पण माझ्यावर विश्वास टाकू नका, तपासा. भेटू पुढच्या भागात!