बहिर्गामी जोडणीतील अडथळा

बहिर्गामी जोडणीतील अडथळा म्हणजे एखाद्या सर्व्हरने स्वतःहून दुसऱ्या संगणकाकडे सुरू केलेला संपर्क वाटेत अडवला जाणे होय. व्यवसायाचा सर्व्हर केवळ येणाऱ्या विनंत्यांना उत्तरे देत नाही. ईमेल पाठवणे, बँकेकडून रकमेची खातरजमा करणे, सॉफ्टवेअरची अद्यतने मिळवणे यांसाठी त्याला बाहेर संपर्क साधावा लागतो. त्यामुळे अशा अडथळ्याच्या वेळी संकेतस्थळ सुरळीत दिसते. मात्र पावत्या पोहोचत नाहीत आणि व्यवहार अपूर्ण राहतात.

निर्बंधांचे प्रयोजन

बहुतेक अडथळे हे बिघाड नसून हेतुपुरस्सर घातलेले निर्बंध असतात. सर्व्हरमध्ये शिरलेला घातक प्रोग्राम बाहेरून आज्ञा घेतो किंवा माहिती बाहेर पाठवतो. बाहेरची वाट बंद असल्यास त्याला आळा बसतो. डिसेंबर २०२१ मध्ये उघड झालेल्या लॉगफोरशेल या त्रुटीत पीडित सर्व्हरलाच हल्लेखोराच्या सर्व्हरशी जोडणी करण्यास भाग पाडले जात असे. नको असलेल्या ईमेलचा प्रसार रोखण्यासाठी अनेक सेवापुरवठादार पोर्ट २५ बंद ठेवतात.

अडथळ्याची स्थाने

* सर्व्हर : त्यावरील फायरवॉल किंवा सुरक्षा धोरण. रेड हॅट परिवारातील लिनक्समध्ये एसईलिनक्सच्या मूळ मांडणीत वेब सर्व्हरला बाहेर जोडणी करण्याची सरसकट मुभा नसते.
* संस्थेचे किंवा क्लाउडचे नेटवर्क : मधली फायरवॉल वा प्रॉक्सी. काही नियमसंच जोडणीची स्मृती ठेवत नाहीत. तेथे परतीच्या पॅकेटांनाही स्वतंत्र परवानगी द्यावी लागते.
* इंटरनेट किंवा क्लाउड सेवापुरवठादार : ठरावीक पोर्टांवरील बंदी.
* पलीकडचा सर्व्हर : केवळ नोंदवलेल्या आयपी पत्त्यांनाच प्रवेश.

लक्षणांचा अर्थ

नाव न सापडल्याचा संदेश आल्यास दोष प्रायः डीएनएसच्या टप्प्यावर असतो. ‘जोडणी नाकारली’ हा संदेश कोणीतरी उत्तर दिल्याचे दर्शवतो : एक तर पलीकडे त्या पोर्टवर सेवा चालू नसते, किंवा फायरवॉल स्पष्ट नकार देते. दीर्घ प्रतीक्षेनंतर मुदत संपणे हे पॅकेट निमूटपणे टाकून दिले जात असल्याचे नेहमीचे लक्षण आहे. लिनक्समध्ये ही प्रतीक्षा एक-दोन मिनिटे चालू शकते. ‘परवानगी नाही’ असा संदेश बहुधा सर्व्हरवरीलच निर्बंधाकडे निर्देश करतो.

निदान

प्रथम नावाचे आयपी पत्त्यात रूपांतर होते का, हे पाहतात. त्यानंतर नेटकॅटसारख्या साधनाने नेमक्या त्याच पोर्टवर जोडणी करतात. केवळ पिंगवर विसंबणे दिशाभूल करणारे ठरते, कारण पिंग आयसीएमपी वापरते. ते यशस्वी होऊनही टीसीपी पोर्ट बंद असू शकते आणि याउलटही घडते. चाचणी मूळ प्रोग्राम ज्या वापरकर्त्याच्या नावाने चालतो, त्याच नावाने करणे इष्ट असते.

टीसीपीडंपने पॅकेटांचे निरीक्षण केल्यास शोधाचे क्षेत्र आणखी आकुंचित होते. लिनक्समध्ये बाहेर जाणारी पॅकेटे या साधनाला स्थानिक फायरवॉलच्या नियमांनंतर दिसतात, तर आत येणारी त्या नियमांपूर्वी दिसतात. म्हणून जोडणीचे पहिले पॅकेट दिसलेच नाही, तर ते सर्व्हरवरच अडले असण्याचा संभव असतो. ते दिसूनही उत्तर आले नाही, तर अडथळा पुढे आहे. उत्तर येऊनही जोडणी पूर्ण न झाल्यास स्थानिक अंतर्गामी नियम तपासावे लागतात.

निवारण

फायरवॉल पूर्णपणे बंद करणे हा उपाय नव्हे. आवश्यक तेवढेच गंतव्य, पोर्ट व प्रोटोकॉल यांना परवानगी देऊन त्या नियमाच्या कारणाची नोंद ठेवतात. पोर्ट २५ बंद असल्यास ईमेल अधिकृत मेल सर्व्हरकडे पोर्ट ५८७ किंवा ४६५ वरून, ओळख पटवून सुपूर्द करता येतो. पलीकडे आयपी पत्ता नोंदवायचा असल्यास सर्व्हरचा अंतर्गत पत्ता नव्हे, तर बाहेर दिसणारा सार्वजनिक पत्ता द्यावा लागतो आणि तो स्थिर असणे आवश्यक असते.

हे सुद्धा पहा

* फायरवॉल
* डीएनएस
* टीसीपी