झाडाचा वैद्य आणि त्याचा दोर

झाडावर चढून फांद्या छाटणे हे काम फार जुने; पण झाडाला रोगी मानून त्याच्यावर उपचार करणारा ‘ट्री सर्जन’ हा व्यवसाय जेमतेम सव्वाशे वर्षांचा आहे. झाड कसे वाचवावे, याचा विचार या व्यवसायात आधी झाला. झाडावर लोंबकळणाऱ्या माणसाचा जीव कसा वाचवावा, याचा विचार फार मागाहून झाला.

उपचारांची चर्चा खूप आधी सुरू झाली होती. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याच्या बागांची देखरेख करणारा विल्यम फोर्सिथ याने 1791 मध्ये झाडांच्या जखमांवरील लेपाची कृती प्रसिद्ध केली. एक माप ताजे शेण, जुन्या इमारतींच्या पाडकामातला चुना अर्धे माप, लाकडाची राख अर्धे माप आणि मापाच्या सोळाव्या हिश्श्याइतकी वाळू, असे तिचे प्रमाण होते. कोकणातल्या एखाद्या आजीला यात नवल वाटले नसते. ब्रिटिश संसदेने मात्र या कृतीसाठी त्याला 1,500 पौंडांचे बक्षीस दिले. आरमाराला ओकचे निकोप लाकूड हवे होते, हे त्यामागचे खरे कारण. लेपाने पोकळ ओक पुन्हा भरीव होतो, हा फोर्सिथचा दावा थॉमस अँड्र्यू नाइटसारख्या बागायततज्ज्ञांनी त्याच काळात खोडून काढला. तरी जखमेला काहीतरी फासायचे, ही सवय पुढे जवळजवळ दोनशे वर्षे टिकली.

व्यवसायाला आजचे रूप दिले ते जॉन डेव्ही याने. 1846 मध्ये इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यात जन्मलेला हा माळी 1873 मध्ये अमेरिकेला गेला आणि ओहायो राज्यातल्या केंट गावी स्थिरावला. त्याचे ‘द ट्री डॉक्टर’ हे पुस्तक 1901 मध्ये आले, 1909 मध्ये कंपनीची रीतसर नोंदणी झाली आणि कामगारांना शिकवणारी शाळाही निघाली. त्या काळचे मुख्य काम ढोल्या भरण्याचे. किडलेले लाकूड पटाशीने कोरून काढायचे, आत जंतुनाशक फासायचे आणि दातात सिमेंट भरावे तशी ढोली काँक्रीटने भरायची. ‘सर्जन’ हा शब्द या कोरकामाला शोभत होता.

हे सारे करणारा माणूस मात्र शिडी, हातकरवत आणि मनिला तागाचा दोर एवढ्यावरच झाडावर जाई. तोच दोर कमरेला आणि मांड्यांना गुंडाळून बैठक तयार करायची, भक्कम फांदीवरून टाकलेले त्याचे दुसरे टोक पुन्हा स्वतःकडे घ्यायचे आणि त्यावर सरकती गाठ मारायची. ही गाठ म्हणजे या धंद्यातली सर्वांत सुंदर युक्ती. अंगाचा भार पडला की गाठ दोराला करकचून धरते. हाताने दाबली की हळूहळू सरकते आणि माणूस खाली उतरतो. हात सुटला तरी गाठ सुटत नाही. ऑस्ट्रियाचा गिर्यारोहक कार्ल प्रूसिक याने 1931 मध्ये अशाच तत्त्वावरची आपली गाठ प्रसिद्ध केली. दुसऱ्या महायुद्धानंतर नायलॉनचे दोर आले, कमरेच्या विळख्याच्या जागी पट्ट्यांची बैठक आली. गाठीचे तत्त्व तेच राहिले.

धोका खरा वाढला तो यंत्राने. जर्मनीत आंद्रेआस श्टील याने 1929 मध्ये पेट्रोलवर चालणारी साखळी करवत बनवली. ती चालवायला दोन माणसे लागत. 1950 च्या सुमारास एका माणसाला पेलेल अशी करवत आली आणि ती झाडावर नेता येऊ लागली. त्याआधी अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यातल्या जोसेफ कॉक्स याने लाकूड पोखरणाऱ्या एका भुंग्याची अळी न्याहाळली होती. ती डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे असे लाकूड कुरतडते, हे पाहून त्याने साखळीच्या दातांची नवी रचना केली. कापणे सोपे झाले.

या करवतीचा सर्वांत घातक भाग म्हणजे तिच्या पात्याच्या टोकाची वरची बाजू. चालत्या साखळीची ही बाजू लाकडाला लागली, की करवत क्षणार्धात उसळून चालवणाऱ्याच्या तोंडावर येते. यावर तोडगा निघाला साखळीच्या ब्रेकचा. पुढच्या मुठीसमोर एक आडवी ढाल असते. करवत उसळली की मनगट तिच्यावर आदळते आणि साखळी थांबते. हा ब्रेक 1970 च्या दशकात रुळला. पायांसाठी वेगळी विजार आली. तिच्या अस्तरात लांब तंतूंचे थर असतात. साखळी लागताच ते बाहेर ओढले जाऊन यंत्राच्या दातेरी चाकात गुंततात आणि साखळी अडकते. थरथरीमुळे बोटे पांढरी पडून बधिर होण्याचा विकार मात्र दुर्लक्षित राहिला. ब्रिटनने त्याला भरपाईयोग्य व्यावसायिक आजार मानले ते 1985 मध्ये.

दोर आणि करवत यांचे वैर तर उघडच. ताणलेला दोर साखळीच्या नुसत्या स्पर्शाने तुटतो. म्हणून वर करवत चालवताना माणूस दोन ठिकाणी बांधलेला हवा आणि करवतीजवळच्या कमरेच्या दोरात पोलादी तारेचा गाभा हवा, हा नियम घडला.

झाडाविषयीची समजही दरम्यान बदलली. अमेरिकी वनखात्यातल्या अ‍ॅलेक्स शायगो याने असंख्य खोडे उभी चिरून पाहिली आणि 1977 मध्ये निष्कर्ष मांडला: झाडाची जखम आपल्या जखमेसारखी भरून येत नाही, झाड सडका भाग आतल्या आत भिंती घालून बंदिस्त करते. काँक्रीट आणि लेप, दोन्ही निरुपयोगी ठरले. फांदी बुंध्यालगत सपाट न छाटता तिच्या मुळाशी असलेला फुगीर कंगोरा राखून कापावी, हे रूढ झाले. चढण्यासाठीचे खिळ्यांचे बूट फक्त पाडायच्या झाडावर वापरायचे ठरले आणि चढणाऱ्याचा सारा भार दोरावर आला.

ब्रिटनमध्ये एल्म वृक्षांवरच्या रोगाच्या साथीने लाखो झाडे वाळली आणि ऑक्टोबर 1987 च्या वादळात सुमारे दीड कोटी झाडे पडली. वाळलेले लाकूड अचानक मोडते, पडलेल्या खोडात ताण साठलेला असतो; अशा कामांना शिस्त अटळ होती. 1998 च्या नियमांनी माणसाला वर नेणाऱ्या दोर-पट्ट्यांची दर सहा महिन्यांनी तपासणी सक्तीची केली. 2005 मध्ये उंचीवरील कामाचे नियम आले. झाडावर कोणी असताना खाली दुसरा प्रशिक्षित माणूस हवा आणि गरज पडल्यास त्याला वर जाऊन जखमीला खाली आणता यायला हवे, हे आज या धंद्याचे मूळ सूत्र आहे.

आपल्याकडे कोकणात आणि गोव्यात माडावर चढणारे भंडारी, पाडेली, रेंदेर हे पिढ्यान्‌पिढ्या खोडाला खाचा पाडून आणि पायात दोरीचा फास अडकवून चढत आले. माडाच्या खोडावरची खाच कधीच भरून येत नाही. चढणारे कमी होऊ लागल्यावर नारळ विकास मंडळाने 2011 मध्ये तरुणांना यंत्राने चढायला शिकवण्याचा कार्यक्रम सुरू केला. यंत्राला खाच लागत नाही. शहरांसाठी महाराष्ट्रात 1975 पासून झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे. तो नावाप्रमाणेच झाडांचा आहे. चढणाऱ्याची काळजी काम सांगणाऱ्यालाच घ्यावी लागते. पावसाळ्यापूर्वी आवारातली झाडे छाटून घेणाऱ्या प्रत्येक सोसायटीने परवानगीच्या कागदाबरोबर त्या माणसाचे हेल्मेट, त्याचे दोन दोर आणि खाली उभा राहणारा त्याचा जोडीदार हेही आधी पाहून घ्यावे. जवळून विजेची तार जात असेल, तर पुरवठा बंद झाल्याशिवाय त्याला वर चढू देऊ नये.