रुळांवरचा तांबडा कंदील

१९४० च्या मे महिन्यांत जर्मन सैन्यानें बेल्जम पादाक्रांत केला. पुढील अडीच वर्षांच्या आंत तेथील ज्यू लोकांची नोंदणी, त्यांच्या छातीवरील पिवळा तारा आणि शेवटीं त्यांची हद्दपारी हा क्रम पुरा झाला. ब्रुसेल्स व अँटवर्प यांच्या मध्यावर मेखलेन नांवाचें शहर आहे. तेथील लष्करी बराकींत माणसें कोंडावयाचीं आणि पुरेशीं जमलीं कीं आगगाडींत घालून आउश्वित्झला पाठवावयाचीं, असा व्यवहार १९४२ च्या उन्हाळ्यांत सुरू झाला. प्रत्येक गाडीस अनुक्रमांक असे.

पहिल्या एकोणीस गाड्यांना तिसऱ्या वर्गाचे उतारूंचे डबे होते. खिडक्यांतून कित्येकजण उड्या टाकून पळाले. म्हणून विसाव्या गाडीस मालाचे डबे जोडण्यांत आले. झरोक्यांना कांटेरी तार, दारें बाहेरून बंद आणि आंत १,६३१ माणसें.

ही गाडी अडवावी, हा विचार यूरा लिव्हशित्झ या तरुण ज्यू डॉक्टराचा. तो १९१७ सालीं कीव्ह येथें जन्मला व ब्रुसेल्स येथें शिकला. ज्यूंच्या रक्षणासाठीं काम करणाऱ्या गुप्त समितीपुढें त्यानें बेत मांडला. तिनें तो फार धोक्याचा म्हणून नाकारला. घातपातांत मुरलेल्या एका सशस्त्र गटानेंहि हात आखडता घेतला. त्यांना भ्याड म्हणणें अन्यायाचें होईल. समितीनें दोन हजारांहून अधिक मुलें लपविलीं होतीं. एका फसलेल्या धाडसानें तें सारें उघडें पडलें असतें.

तेव्हां यूरानें आपले शाळासोबती गांठले: रोबेर मैस्त्रियो आणि जाँ फ्रांकलमों. दोघेहि ज्यू नव्हते. तिघांजवळ मिळून एक लहानसें पिस्तूल, एक पक्कड आणि तांबडा कागद गुंडाळलेला एक कंदील!

१९ एप्रिल १९४३ च्या रात्रीं ते सायकलींवरून बोर्टमेरबेक व हाख्त यांमधील लोहमार्गावर गेले. (त्याच दिवशीं वॉर्सांतील ज्यूंनीं जर्मनांविरुद्ध शस्त्र उचललें, पण या तिघांना त्याची वार्ता नव्हती.) कंदील रुळांत ठेवला. तांबडा दिवा पाहून गाडी थांबली. यूरानें गोळ्या झाडल्या, जेणेंकरून हल्लेखोर पुष्कळ आहेत असें पहारेकऱ्यांना वाटावें. मैस्त्रियोनें पकडीनें एका डब्याच्या दाराची तार तोडली व दार सरकविलें. आंतले कांहीं बाहेर पडावयास कचरले; कांहीं इतरांनाहि अडवूं लागले. तरी सतरा माणसें उतरलीं. प्रत्येकाच्या हातीं पन्नास फ्रँकची नोट देऊन मैस्त्रियोनें त्यांना अंधारांत पिटाळलें. गोळीबार वाढला, गाडी हलली.

येथें एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. लोककथेंत साऱ्या सुटकेचें श्रेय या तिघांस मिळतें. वस्तुतः बराकींतून चोरून आणलेल्या हत्यारांनीं आंतल्या माणसांनीं स्वतःच फळ्या व गज कापले होते, आणि जर्मन सरहद्द येईपर्यंत तीं धांवत्या गाडींतून उड्या घेत राहिलीं. एकंदर सुमारें २३० माणसें निसटलीं. पंचवीसच्या वर मारलीं गेलीं, कित्येक पुन्हां पकडलीं गेलीं, आणि निम्मीं अखेर हातीं लागलीं नाहींत. अकरा वर्षांच्या सिमोन ग्रोनोव्स्कीला त्याच्या आईनें दारांतून पायरीवर सोडलें. तो उतरून पळाला व एका बेल्जियन पोलिसानें त्याला वांचविलें. आई मात्र गाडींतच राहिली आणि आउश्वित्झ येथें मारली गेली.

यूरा लौकरच पकडला गेला. पहारेकऱ्यावर मात करून, त्याचाच गणवेष चढवून तो एकदां निसटला. पण जूनमध्यें पुन्हां सांपडला. १७ फेब्रुवारी १९४४ रोजीं ब्रुसेल्स येथें त्यास गोळ्या घालण्यांत आल्या. त्याचा भाऊ अलेक्सांद्र आठवड्यापूर्वींच मारला गेला होता. त्याचे दोन्ही सोबती छळछावण्यांतून जिवंत परतले. मैस्त्रियो २००८ पर्यंत जगला.

मेखलेनहून शेवटची गाडी ३१ जुलै १९४४ रोजीं सुटली.