एडन, साउथ शील्ड्स आणि एका माणसाची चार नावं

वासुदेव बळवंत फडके यांचा मृत्यू १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनच्या तुरुंगात झाला, हे आपण परीक्षेसाठी पाठ करतो. पण पुण्यात शिक्षा झालेल्या माणसाला थेट अरबस्तानात का नेलं, हा पुढचा प्रश्न फारसं कोणी विचारत नाही. उत्तर सोपं आहे. आजच्या येमेनमधलं एडन तेव्हा मुंबई इलाख्याच्या कारभारात होतं.

१९ जानेवारी १८३९ रोजी ईस्ट इंडिया कंपनीने एडन जिंकलं. १८३७ मध्ये ब्रिटिश निशाण लावलेलं 'दर्या दौलत' हे जहाज तिथे फुटलं आणि लुटलं गेलं, ते निमित्त झालं. खरं कारण होतं कोळसा. सुएझ ते मुंबई धावणाऱ्या आगबोटींना वाटेत कोळसा भरायला बंदर हवं होतं. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि एडनचं महत्त्व आणखी वाढलं. पुढे १९३२ मध्ये ते मुंबईकडून काढून दिल्लीच्या सरकारकडे दिलं गेलं आणि १९३७ मध्ये लंडनच्या थेट ताब्यातली वसाहत झालं.

इथपर्यंतचा इतिहास राज्यकर्त्यांचा झाला. आता दुसरी बाजू बघा.

एडनला थांबणाऱ्या बोटींना बॉयलरमध्ये कोळसा टाकणारी माणसं लागत. काम भयंकर उष्णतेचं आणि मजुरी कमी. या कामावर लागलेले येमेनी खलाशी बोटींबरोबर कार्डिफला, इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या साउथ शील्ड्सला पोचले. काही तिथेच राहिले, काहींनी स्थानिक ब्रिटिश स्त्रियांशी लग्नं केली, खलाशांसाठी बोर्डिंग हाउस चालवली. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश व्यापारी जहाजांवर काम करताना यातले अनेकजण बुडून मेले.

युद्ध संपलं, नोकऱ्या कमी झाल्या आणि हीच माणसं अचानक 'परकी' झाली. १९१९ मध्ये साउथ शील्ड्स आणि कार्डिफमध्ये दंगली झाल्या. १९२५ मध्ये सरकारने आदेश काढला, की गोऱ्या नसलेल्या परकी खलाशांनी पोलिसांकडे नोंदणी करावी. आपण ब्रिटिश प्रजाजन आहोत हे सिद्ध करायची जबाबदारी खलाशावरच टाकली. आता गंमत बघा, खरं तर गंमत नाही, क्रूर प्रकार आहे. एडन शहरात जन्मलेला माणूस ब्रिटिश प्रजाजन. शहराबाहेरच्या संरक्षित मुलखातला माणूस ब्रिटिशांच्या संरक्षणाखाली, पण प्रजाजन नाही. आणि उत्तरेकडच्या डोंगरातून आलेला माणूस येमेनच्या इमामाचा, म्हणजे सरळ परका. बहुतेक खलाशी डोंगरातल्या आणि आतल्या गावांतले होते, जिथे जन्माचा दाखला वगैरे काही प्रकार नव्हता. मग कामासाठी अनेकांनी स्वतःला 'एडनचा' म्हणवून घेतलं. एका शब्दावर माणसाची रोजीरोटी टांगलेली होती.

२ ऑगस्ट १९३० रोजी साउथ शील्ड्सच्या मिल डॅम भागात भरतीच्या नव्या पाळी-पद्धतीवरून दंगल उसळली. अनेक येमेनींना तुरुंगवास झाला, काहींना देशाबाहेर पाठवलं. तरीही ती वस्ती संपली नाही. १९७७ मध्ये मुष्टियोद्धा मोहम्मद अली साउथ शील्ड्सला आला, तेव्हा त्याच्या विवाहाला आशीर्वाद मिळाला तो तिथल्याच मशिदीत.

आता संशोधनाचा मुद्दा. मी मूळची विज्ञानाची, त्यामुळे माझ्या भाषेत सांगते. नमुना एकच असतो, पण बाटलीवरचं लेबल बदललं की तो सापडत नाही. हा एकच येमेनी माणूस बंदरातल्या वर्तमानपत्रात 'अरब' आहे, सरकारी आदेशात 'परकी खलाशी', जहाजाच्या कागदांवर 'एडनचा', आणि स्वतःच्या गावात कोण्या टोळीचा नाहीतर घराण्याचा. तुम्ही फक्त 'येमेनी' हा शब्द घेऊन शोधायला बसलात, तर हाती फारसं लागणार नाही. मग "पुरावे उपलब्ध नाहीत" असं वाक्य प्रबंधात जातं. पुरावे असतात हो, फक्त वेगळ्या नावाखाली असतात. आणि वेगळ्या गावातही! एडनच्या जुन्या कारभाराची कागदपत्रं मुंबईच्या पुराभिलेखागारात आहेत आणि लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतही.

आठवणींचंही असंच आहे. ३० नोव्हेंबर १९६७ ला ब्रिटिश फौजा एडनमधून निघाल्या. दक्षिण येमेनमध्ये तो स्वातंत्र्यदिन. तिथे लढलेल्या ब्रिटिश सैनिकांसाठी ती कडवट माघार. साउथ शील्ड्समधल्या येमेनी कुटुंबाला मात्र या दोन्हींपैकी एकच बाजू निवडता येत नाही, कारण आजोबा एका देशातले आणि आजी दुसऱ्या. यातली कुठलीही एकच आठवण घेऊन लिहिलेला इतिहास अपुरा राहतो.

म्हणून विषय ठरला की आराखडा लिहायच्या आधी एक साधं काम करा. कोऱ्या कागदावर लिहा : ज्या लोकांवर मी काम करणार आहे, त्यांना सरकार काय म्हणत होतं, शेजारी काय म्हणत होते, मालक काय म्हणत होता, आणि ते स्वतःला काय म्हणवत होते? आणि कोणत्या नावाने हाक मारल्यावर कोणाचा फायदा होत होता? हा शेवटचा प्रश्न सोडू नका. बऱ्याचदा प्रबंधाचा खरा विषय त्याच्याच उत्तरात सापडतो.