तळटीप : परत न पाठवण्याचे तत्त्व आणि रिट अर्ज

१९५१च्या निर्वासित करारावर भारताची सही नाही. आश्रयाचे अर्ज तपासणारा स्वतंत्र कायदाही नाही. त्यामुळे नकारानंतर अपील कुठले करणार? उरतो तो अनुच्छेद २२६चा रिट अर्ज, मग माणूस मुंबईत सापडो की नेपानगरात. १९९४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका इराणी अर्जदाराला संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक उच्चायुक्तालयाने निर्वासित मानले आहे एवढ्यावर, त्याला इराणला धाडण्याचा प्रश्नच उरत नाही, असे म्हटले. यावर नेहमीचा आक्षेप हान्स म्यूलर निकालाचा (१९५५): परकीयाला घालवण्याचा सरकारचा अधिकार अनिर्बंध आहे. मान्य, पण घालवता येते का, हा तिथला प्रश्न होता. जिथे जिवावर बेतेल तिथेच नेऊन सोडता येते का, हा नव्हता. शिवाय १९७८च्या मनेका गांधी निकालापासून अनुच्छेद २१ खालची कार्यपद्धती न्याय्य असावी लागते, आणि तो अनुच्छेद नागरिकांपुरता नाही. रोहिंग्यांच्या सलीमुल्ला प्रकरणात (८ एप्रिल २०२१) सर्वोच्च न्यायालयाने हे कबूल करूनही हद्दपारी थांबवली नाही. महिन्याच्या आतच, ३ मे रोजी, मणिपूर उच्च न्यायालयाने मात्र म्यानमारच्या सात जणांना त्याच उच्चायुक्तालयाच्या दिल्लीतील कार्यालयाकडे जाऊ दिले. सलीमुल्लाचा हवाला देणाऱ्यांनी तो अंतरिम आदेश होता, हेही सांगावे.