पेटीतलं रिव्हॉल्व्हर

चुलत सासरे वारले, तेव्हा त्यांच्या पेटीत धोतरात गुंडाळलेलं रिव्हॉल्व्हर निघालं. घरात सगळे म्हणायचे, आजोबांनी ते रझाकाराच्या हातून हिसकावलं. लोखंडावर मात्र ‘वेब्ली’ नाव आणि १९१७ साल. म्हणजे पहिल्या महायुद्धात इंग्रज अधिकारी कमरेला लावायचे तसलं, बर्मिंगहॅमचं.

सोबत उर्दू कागद होता. सप्टेंबर १९४८ पर्यंत आपलं बीड निजामाच्या राज्यात. कारभार उर्दूत, साल फसली. गावातल्या म्हाताऱ्या मास्तरांनी वाचून दाखवलं : आजोबांच्या नावचा परवाना, १३५२ फसली. त्यात ५९० मिळवा, १९४२-४३ येतं. रझाकारांचा धुमाकूळ त्यानंतरचा. म्हणजे हिसकावलेलं नव्हतंच!

दीरांचं तोंडच उतरलं. मी म्हटलं, भाऊजी, त्या साली पुरुष रानात लपलेले, अन् आजेसासूबाई रात्रभर याच पेटीवर बसून जागायच्या, हे त्यांनीच मला सांगितलंय. ते कुठं खोटं पडतंय?

परवानाधारक गेला की हत्यार घरात ठेवता येत नाही. ते पोलीस ठाण्यात जमा करायचं. वारसाला हवं असेल तर स्वतःच्या नावानं परवाना मागायचा. आम्ही जमा केलं. पावती आणि उर्दू कागद आता माझ्या लुगड्यांच्या घडीत आहेत.