दिनविशेष : २३ सप्टेंबर
गळक्या झडपेला चिमटा (२०१८)

हृदय कमकुवत होऊन फुगले, की डाव्या बाजूच्या मिट्रल झडपेच्या पाकळ्या नीट मिटत नाहीत. रक्त उलटे फुप्फुसांकडे जाते, धाप लागते, पायांवर सूज येते. अशा अनेक रुग्णांना छाती उघडून केलेली शस्त्रक्रिया झेपत नाही. त्यांच्यासाठी आशादायक ठरलेल्या ‘कोआप्ट’ चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये आजच्या दिवशी अमेरिकेतील सॅन डिएगो येथे जाहीर झाले.

इटलीचे शल्यविशारद ओत्ताव्हियो अल्फिएरी यांनी १९९१ मध्ये झडपेच्या दोन पाकळ्या मधोमध टाक्याने जोडल्या होत्या. ‘मिट्राक्लिप’ हे उपकरण हेच काम टाक्याऐवजी चिमट्याने करते. जांघेतील शिरेतून कॅथेटर हृदयापर्यंत नेतात आणि सोनोग्राफीच्या चित्रावर नजर ठेवून चिमटा बसवतात. हृदय धडधडतच असते.

या चिमट्याची पारख करणाऱ्या, डॉ. ग्रेग स्टोन यांच्या नेतृत्वाखालील ‘कोआप्ट’ चाचणीत अमेरिका व कॅनडातील ६१४ रुग्ण होते. दोन वर्षांत केवळ औषधे घेणाऱ्यांपैकी ४६.१ टक्के, तर औषधांसोबत चिमटा बसवलेल्यांपैकी २९.१ टक्के रुग्ण दगावले. हृदय निकामी झाल्याने रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाणही जवळपास निम्म्यावर आले.

महिनाभरापूर्वीच फ्रान्समधील ‘मित्रा-एफआर’ चाचणीत मात्र असा लाभ दिसला नव्हता. त्यामुळे योग्य रुग्णाची निवड आणि आधी पुरेसा औषधोपचार यांचे महत्त्व अधोरेखित झाले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १४ मार्च २०१९ रोजी अशा रुग्णांसाठी या उपचाराला मान्यता दिली.